न पाहिलेल्या धर्मग्रामाचा इतिहास

चर्च विकता येतं, हे मला पस्तिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. शेत विकतात, घर विकतात. आमच्या वसईत तर त्या काळात केळीच्या बागा एकामागून एक बिल्डरांकडे चालल्या होत्या. पण ज्या चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्यांचे बाप्तिस्मे झाले, लग्नं लागली, जिथून शवपेट्या निघाल्या, ते कुणी जाहिरात देऊन विकू शकतं, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. ते मला कळलं मस्कतमध्ये, एका इंग्रज बाईंच्या दिवाणखान्यात. त्या दिवसापासून पुढचे काही महिने एकेक गोष्ट अशी समोर येत गेली की प्रत्येक वेळी मी जागच्या जागी थिजले.

लग्न होऊन मी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मस्कतला आले. नवरा एका हॉटेलात एसीच्या देखभालीवर होता. मी शहराच्या रुवी भागातल्या एका ट्रेडिंग ऑफिसात सेक्रेटरी म्हणून लागले. मुलगी झाल्यावर रुवीतली एक खोली पुरेना, म्हणून आम्ही शहराबाहेर माबेलाला राहायला गेलो. तेव्हा माबेला म्हणजे अर्धवट बांधलेली घरं, धूळ, आणि कुंपणाच्या तारेतून तोंड घालणाऱ्या बकऱ्या. ऑफिसला जायला सकाळी चौघांत मिळून गाडी करायची.

आमच्या ऑफिसचा मालक, ज्याला आम्ही सगळे अर्बाब म्हणायचो, त्याच्याकडे एक इंग्रज इंजिनीअर कामानिमित्त यायचे. सोहारला बंदराचं काम सुरू होत होतं, त्यात ते सल्लागार होते. आठवडाभर सोहारला राहायचे आणि सुट्टीला मस्कतला बायकोकडे यायचे. त्यांच्या बायकोला टायपिंगसाठी कुणीतरी हवं होतं. अर्बाबने मला विचारलं. गुरुवारी आमचं ऑफिस अर्धा दिवसच असायचं, म्हणून मी हो म्हटलं.

मॅडम साठीच्या आसपास होत्या. उंच, किडकिडीत, केस कानापर्यंत कापलेले. अंगणात त्यांनी गुलाब लावले होते आणि ते दर उन्हाळ्यात करपून जायचे. जेवणाच्या टेबलावर त्यांनी सगळा पसारा मांडला होता. जुने फोटो, हातानं काढलेला एक नकाशा, आणि बुटाच्या खोक्यात कॅसेटी. सुट्टीवर गावी गेल्या की तिथल्या म्हाताऱ्या माणसांना बोलतं करून त्या रेकॉर्ड करून आणायच्या.

“आमच्या पॅरिशचा इतिहास लिहितेय,” त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं.

पॅरिश म्हणजे आमचा धर्मग्राम, एका चर्चभोवतीची वस्ती. मला एकदम घरचं कुणी भेटल्यासारखं झालं. आमच्याकडे दोन अनोळखी माणसं भेटली की पहिला प्रश्न हाच असतो, तुझा धर्मग्राम कुठला? त्यावरून माणसाचं घर, आळी, मामाचं गाव, सगळं कळतं. मॅडमनी तो शब्द दोन-तीनदा म्हणून पाहिला. त्यांना ‘ध’ काही जमला नाही. मी विचारलं, तुमच्या चर्चचा सण कधी असतो? त्या हसल्या. म्हणाल्या, आमचं चर्च तुमच्या पंथाचं नाही, तुमच्यासारखी मिरवणूक नसते, पण पूर्वी जत्रेसारखं काहीतरी भरायचं. मी मनात म्हटलं, ठीक आहे, क्रूस तर एकच आहे.

त्यांचं गाव लहान होतं. एक रस्ता, एक ओढा, ओढ्यावर पाणचक्की, टेकाडावर चर्च. मॅडम खोलीत येरझाऱ्या घालत सांगायच्या आणि मी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची. काही शब्द कळायचे नाहीत, तेव्हा त्या हातांनी करून दाखवायच्या. घंटा कशी ओढतात ते दाखवताना त्या चक्क पायाच्या बोटांवर उभ्या राहायच्या.

पहिला धक्का मला गावच्या गायरानाने दिला. गावाबाहेर मोठं माळरान होतं. ते कुणा एकाचं नव्हतं. ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांनीसुद्धा तिथे गाय चारायची, बदकं सोडायची, सरपण आणायचं, असं शेकडो वर्षं चालत आलं होतं. मग एके वर्षी कायदा झाला, मोजणीवाले आले, आणि माळरानाचे तुकडे करून ज्यांच्याकडे आधीच जमीन होती त्यांना वाटून दिले. कुंपणं घातली गेली. ज्यांनी रात्रीत कुंपणं मोडली त्यांना पकडलं आणि एका तरुणाला जहाजात घालून जगाच्या दुसऱ्या टोकाला पाठवून दिलं. तो परत आलाच नाही.

माझी बोटं थांबली. शाळेत आम्ही शिकलो होतो की इंग्रजांनी आपला देश लुटला. पण त्यांनी स्वतःच्या गावातल्या गरिबांच्या गाईसुद्धा उपाशी मारल्या, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. मी मॅडमना विचारलं, “हे तुमच्याच लोकांनी तुमच्याच लोकांना केलं?”

“आमच्यावर सराव केला आणि मग बाहेर निघाले,” त्या म्हणाल्या.

घरी जाऊन मी हे नवऱ्याला सांगितलं तर त्याला खरं वाटेना. तो म्हणाला, बाई तुला गोष्टी रचून सांगत असेल. पण मी पुढच्या गुरुवारची वाट पाहू लागले. आठवडाभर ऑफिसात बिलं आणि कोटेशनं टाईप करायची, आणि गुरुवारी त्या गावात जायचं. तिथल्या धर्मगुरूला पूर्वी शेतकऱ्यांनी पिकाचा दहावा हिस्सा द्यायचा, मधाचा आणि अंड्यांचासुद्धा. चर्चच्या उत्तरेला ऊन येत नाही म्हणून तिकडे गरिबांना नावाच्या दगडाशिवाय पुरायचे. पहिल्या महायुद्धात गेलेल्या मुलांची नावं भिंतीवर कोरलेली होती. एवढ्याशा गावातून एवढी मुलं, त्यात एकाच घरातले तीन भाऊ. ती नावं टाईप करताना मला रडू आलं. मॅडम मात्र एका सुरात वाचत राहिल्या.

नकाशावर पाणचक्कीशेजारी निळा ठिपका होता. मी एकदा विचारलं, हे तळं का? याच्याबद्दल आपण काही लिहिलं नाही. त्या म्हणाल्या, ते नंतर, आणि चहा करायला आत गेल्या.

बोलता बोलता त्यांनी सांगितलं होतं की चर्चमध्ये हल्ली रविवारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके लोक येतात, तेही सगळे म्हातारे. धर्मगुरू चार-पाच गावं मिळून एकच आहे. मला फार वाईट वाटलं. आमच्या मस्कतच्या चर्चमध्ये शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, पाय ठेवायला जागा नसायची. आवारात मल्याळी, कोकणी, फिलिपिनो लोकांची एकामागून एक मिस्सा, म्हणजे आमची सामुदायिक उपासना, चालायची, एका मिस्सेचे लोक बाहेर पडेपर्यंत दुसरे दारात उभे. गावाकडचे फादर आले तर कधीतरी मराठीतही व्हायची. मी त्या इंग्रज गावातल्या चर्चसाठी एक मिस्सा सांगितली, म्हणजे त्याच्या नावानं अर्पण करायला फादरना सांगितलं. मॅडमना ते कळवलं नाही. वाटलं, ही आपली आपण करायची गोष्ट आहे.

दुसरं वर्ष संपत आलं होतं. पुस्तकही संपत आलं होतं. एका गुरुवारी मी पोचले तेव्हा मॅडम फोनवर होत्या. दार त्यांच्या घरकामवाल्या बाईने उघडलं. मॅडम ‘हो’, ‘समजलं’, एवढंच म्हणत होत्या. फोन ठेवून त्या हळूच खुर्चीत बसल्या. मला वाटलं, कुणीतरी गेलं.

“चर्च बंद करतायत,” त्या म्हणाल्या. “विकायला काढलंय.”

मला वाक्य कळलं, पण अर्थ कळेना. मी विचारलं, विकायला म्हणजे कुणाला? त्या म्हणाल्या, ज्याला घर करायचं असेल त्याला. उंच छत आहे, रंगीत काचा आहेत, शहरातल्या लोकांना आवडतं. मी विचारलं, मग वेदी? ती काढतील. आणि कबरी? कबरी राहतील, नातेवाइकांना येऊ द्यावं लागतं, तसं लिहून घेतात.

मी खाली बसले ती कॉम्प्युटरसमोर नाही, सरळ सतरंजीवर. त्या बाईच्या गावाचं चर्च मी पाहिलेलं नव्हतं, माझ्या पंथाचं नव्हतं, पण दोन वर्षं मी त्याचा एकेक दगड टाईप केला होता. त्याच्या वेदीपाशी कुणीतरी फ्रीज ठेवणार हे मला सहन होईना. मॅडमच मला पाणी आणून द्यायला उठल्या.

त्या लगेच इंग्लंडला गेल्या. गावात कुणाकुणाला भेटल्या, सभा भरवली. सभेला चर्चमध्ये येतात त्यापेक्षा कितीतरी जास्त लोक आले आणि सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. पण दर रविवारी येतो असं म्हणायला कुणी तयार झालं नाही. महिन्याभराने मॅडम परत आल्या. मग काही महिन्यांनी पुन्हा गेल्या, तोवर व्यवहार झाला होता. घेणारं जोडपं तरुण होतं, सभ्य होतं. त्यांनी मॅडमना आत बोलावलं, चहा दिला. जिथे मॅडमचं लग्न लागलं होतं तिथे आता स्वयंपाकाचा ओटा होता. नवी मालकीण ओट्यावर कपबशा मांडता मांडता विचारत होती, साखर किती घेता?

हे सगळं मॅडमनी मला परत आल्यावर शांतपणे सांगितलं. त्यांच्या शांतपणाचा मला राग येऊ लागला. मी म्हटलं, तुम्ही भांडला का नाही? देवाच्या घरात ओटा घालतात आणि तुम्ही चहा पिऊन आलात?

“देवाचं मला ठाऊक नाही,” त्या म्हणाल्या. “मी देव मानत नाही. लहानपणापासून मानत नाही.”

दोन वर्षं जी बाई घंटेचा आवाज तोंडानं काढून दाखवत होती, जिला प्रत्येक कबरीवरचा मजकूर पाठ होता, ती देव मानत नव्हती. मग हे सगळं कशासाठी? मला फसवल्यासारखं वाटलं. मी सांगून टाकलं की मी तुमच्या चर्चसाठी मिस्सा अर्पण केली होती. माझा आवाज चढला होता. घरकामवाली बाई दाराशी येऊन पाहून गेली.

मॅडम उठल्या, नकाशा पुढ्यात ओढला आणि निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग त्यांनी सांगितलं. त्यांना एक धाकटा भाऊ होता. आईवडील शेतावर होते, त्याच्याकडे लक्ष ठेवायला शेजारीण होती. हिवाळ्यात तळ्यावर बर्फ धरला होता. गावातली मुलं नेहमी त्यावर खेळायची. त्या दिवशी बर्फ पातळ होता. शेजारीण धावत पोचेपर्यंत बर्फ फुटून तो पाण्यात गेला होता. दफनाच्या वेळी धर्मगुरूंनी त्यांच्या आईला सांगितलं की देवाला स्वर्गात एक मूल हवं होतं. मॅडम तेव्हा शाळेत जात होत्या. त्यांनी त्याच क्षणी ठरवलं की असल्या देवाशी आपलं काही देणंघेणं नाही. आईसाठी चर्चमध्ये जात राहिल्या, लग्नही तिथेच केलं, पण प्रार्थना कधी केली नाही. घरात भावाचं नाव काढायचं नाही, असं वडिलांनी सांगितलं होतं. तेव्हापासून ते कुणीच काढलं नाही.

“सगळ्या गावाचं लिहिलं,” त्या म्हणाल्या, “त्याचं तेवढं जमेना.”

माझा राग कुठल्या कुठे गेला. बाहेर अस्रची, दुपारच्या नमाजाची बांग झाली. माझी मुलगी तेव्हा सात-आठ वर्षांची होती आणि त्या वेळी माबेलाला शेजारणीकडे होती. मी उठून तिथूनच शेजारणीला फोन लावला आणि ती काय करतेय ते विचारलं. ती टीव्ही बघत होती.

निघताना मी मॅडमना विचारलं, तुमच्या भावासाठी मिस्सा सांगू का? त्या म्हणाल्या, माझा विश्वास नाही. मी म्हटलं, तुमच्या विश्वासाचं विचारत नाही, नाव सांगता का तेवढं विचारतेय. त्यांनी नाव सांगितलं. लिहून दिलं नाही, तोंडानं सांगितलं, आणि आडनाव पुन्हा एकदा सांगितलं.

आमचे फादर केरळचे होते. मी त्यांना आधीच सांगितलं की मुलगा आपल्या पंथाचा नाही आणि जाऊन पन्नासेक वर्षं झालीत. ते म्हणाले, नाव दे.

मॅडम येतील असं मला वाटलं नव्हतं. शुक्रवारी सकाळी त्या स्वतः गाडी चालवत आल्या, डोक्यावर टोपी, पायात मोजे. गाडी लांब रस्त्यावर लावावी लागली. आत बसायला जागा नव्हती, म्हणून आम्ही बाजूच्या मंडपात पंख्याखाली उभ्या राहिलो. आजूबाजूला बायका मुलांना खांद्यावर थोपटत होत्या, कामगार गणवेशातच आले होते, काहीजण बाहेर ओट्यावर बसून स्पीकरवरून ऐकत होते. मॅडम सगळीकडे डोळे मोठे करून पाहत होत्या. त्यांनी हळूच विचारलं, आज काही विशेष आहे का? मी म्हटलं, नाही, दर शुक्रवारी असंच असतं. त्यांनी पुन्हा विचारलं, दर शुक्रवारी?

मिस्सा सुरू होण्याआधी फादरनी ज्यांच्यासाठी ती अर्पण होती त्यांची नावं वाचली. कुणाची आई गावी वारली होती, कुणाचा भाऊ दुबईला अपघातात गेला होता, एक फिलिपिनो म्हातारी, एक गोव्याचे काका. आणि मधेच त्या मुलाचं नाव. फादरनी ते मल्याळी वळणानं उच्चारलं.

मॅडमनी माझा दंड पकडला. त्यांची बोटं एवढी रुतली की दुसऱ्या दिवशी तिथे काळंनिळं झालं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या आता कोसळतील असं वाटून मी त्यांना खांबाला टेकवलं. त्या रडल्या नाहीत. सबंध मिस्सा संपेपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही. सगळे गुडघ्यावर बसले तेव्हा त्या उभ्याच राहिल्या, आणि मीही त्यांच्याबरोबर उभी राहिले.

गाडीपर्यंत चालताना त्या म्हणाल्या, “त्यांनी नाव चुकीचं म्हटलं.” मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानं थांबवलं. “पण म्हटलं,” त्या म्हणाल्या. “मोठ्यानं म्हटलं.”

तळ्याचं प्रकरण त्यांनी पुढच्याच गुरुवारी सांगितलं. येरझाऱ्या घातल्या नाहीत, माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या. ते पुस्तकातलं सगळ्यात लहान प्रकरण झालं, जेमतेम एक पान. मी ते टाईप करून वाचून दाखवलं आणि त्यांनी एकही शब्द बदलला नाही.

मॅडम आमच्या चर्चमध्ये पुन्हा आल्या नाहीत. मी एकदा विचारलं, त्यांनी मानेनंच नाही म्हटलं, आणि मी तो विषय सोडून दिला. त्यांच्या नवऱ्याचं सोहारचं काम संपलं तसं ते दोघं परत गेले. आपल्याला भावाशेजारी पुरावं असं मॅडमच्या मनात होतं, पण ते आवार आता नव्या दफनांसाठी बंद झालं होतं. हे त्यांनी विमानतळावर जाता जाता सांगितलं, जणू एखादं दुकान बंद झाल्याचं सांगावं तसं.

वर्षभराने पुस्तक आलं. गावातल्याच लोकांनी मिळून छापलं होतं. शेवटच्या प्रकरणात चर्च विकल्याची हकीकत होती, आणि त्याखाली दोन ओळी, की तळ्यात गेलेल्या मुलाचं नाव ओमानमधल्या एका मिस्सेत वाचलं गेलं, ज्यांनी हे गाव कधी पाहिलं नाही अशा शेकडो लोकांसमोर. मी त्या ओळी टाईप केलेल्या नव्हत्या. मला कुणीतरी मागून हाक मारल्यासारखं झालं. नवऱ्याला दाखवलं तर त्याने त्या दोन ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. बाई गोष्टी रचते, असं तो पुन्हा कधी म्हणाला नाही.

सुट्टीवर वसईला गेले तेव्हा पुस्तक बरोबर नेलं. पप्पा शिक्षक होते, इंग्रजी सावकाश वाचायचे. ओटीवर बसून ते बरेच दिवस वाचत होते. गायरानाच्या प्रकरणापाशी त्यांनी मला हाक मारून विचारलं, हे खरं का? मी हो म्हटलं. मग ते चर्च विकल्याच्या पानावर आले आणि तिथे अडकले. चष्मा काढून हातात धरून बसले. आई जेवायला बोलावत होती तरी उठेनात.

“आधी परमप्रसाद हलवला असेल ना गं?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की त्यांच्याकडे आपल्यासारखी परमप्रसादाची भाकर साक्षात ख्रिस्त म्हणून वेदीपाशी जपून ठेवत नाहीत. पण ते त्यांना पटलं नाही. काहीतरी हलवलंच असेल की, ते म्हणाले, आणि पान न उलटता पुस्तक मिटून त्यांनी माझ्याकडे दिलं.